फेड कुणाची, कुणाकडे?

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. चार लाखांपर्यंत काही लागत नाही, साडेसातपर्यंत हमीवर भागतं. त्यापुढे घर, जागा किंवा मुदत ठेव असं काहीतरी भक्कम ठेवावं लागतं. परदेशात मॅनेजमेंटचं मास्टर्स करायचं म्हटलं की ही मर्यादा पहिल्याच झटक्यात ओलांडली जाते. इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या एमएस्सी मॅनेजमेंटची नुसती फी बऱ्याच ठिकाणी २० हजार पौंडांच्या पुढे आहे. राहणं-खाणं आणि व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वेगळा. जर्मनीत कित्येक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते, पण वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावे लागतात. मी सरकारी बँकेत कर्ज विभागात नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या शाखांत. या तीन गावांतली घरं मुलांच्या शिक्षणासाठी गहाण पडताना आणि पुढे सुटताना मी पाहिली आहेत.

ती घरं मला पत्त्यावरूनच ओळखू यायची. बदलापूरचा वन बीएचके, कात्रप, बेलवली किंवा मांजर्लीतला. नवराबायकोने लालबाग-परळची किंवा डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून घेतलेला, वर्षानुवर्षं पहाटेची लोकल पकडून ज्याचं होम लोन फेडलं तो. ते फिटायचं, कागद हातात यायचे, कपाटात जायचे आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा बँकेत यायचे. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस ग्रॅच्युइटीची मुदत ठेव घेऊन यायचा. उल्हासनगरचं वेगळं. तिथे दुकान असायचं, पैसा असायचा, पण इमारतीचे कागद सरळ नसायचे. तिथली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली खास त्या शहरापुरता कायदा करावा लागला, इतका तो प्रश्न मोठा. सर्च रिपोर्ट देणारे वकील मान हलवायचे आणि मला अर्ज परत करावा लागायचा.

बदलापूरच्या शाखेत एकदा एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाचा इंग्लंडला मॅनेजमेंटला प्रवेश झाला होता, फ्लॅट बाईंच्या नावावर होता, त्यामुळे सहकर्जदार त्याच. नोंदणी झालेला करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ना हरकत पत्र असे सगळे कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक करून काढले, टेबलावर सरळ लावले, शेअर सर्टिफिकेट क्षणभर कपाळाला लावलं आणि माझ्या हातात दिलं. सह्या झाल्यावर त्यांनी विचारलं, “मॅडम, ह्याने सगळे हप्ते भरले की फिटलं ना?” मी सांगितलं, “हो. आम्ही नो ड्यूज देतो, कागद परत मिळतात.” “ते बँकेचं झालं,” त्या म्हणाल्या, “आमचं?” मुलगा खाली बघत होता. बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि कर्ज विभागाकडे त्याचं उत्तर नव्हतं.

हा धर्माचा प्रश्न आहे आणि आपल्याकडे तो फार जुना आहे. तैत्तिरीय संहिता सांगते की ब्राह्मण जन्माला येतो तोच तीन ऋणं घेऊन: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. ऋषींचं ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूकडे राहून केलेल्या अध्ययनाने फिटतं, देवांचं यज्ञाने, पितरांचं अपत्याने. मनुस्मृतीत तर ही तिन्ही फेडल्यावरच मोक्षाकडे मन लावावं असं आहे. शतपथ ब्राह्मणात चौथं ऋण येतं, माणसांचं. ते आलेल्याला आसरा आणि अन्न देऊन फेडायचं. महाभारताच्या आदिपर्वात पांडू हीच चार ऋणं मोजतो. तो बोलतो तेव्हा त्याला मूल नाही, आणि पितरांचं कसं फिटणार या काळजीनेच तो बोलतो आहे. माणसांचं ऋण त्याच्या मते आनृशंस्याने फिटतं, म्हणजे काळीज निबर होऊ न देण्याने.

आयुष्यभर कर्जाच्या फाइली हाताळलेल्या माणसाला यात एक गोष्ट लगेच दिसते. बँकेत पैसा ज्याचा, त्याच्याकडे परत जातो. गेलाच पाहिजे, कारण तो बँकेचाही नसतो, ठेवीदारांचा असतो; तुमच्याआमच्यासारख्या पेन्शनरांचा. या जुन्या ऋणांत मात्र फेड देणाऱ्याकडे परत जात नाही. ज्या ऋषींनी ज्ञान दिलं ते केव्हाच गेले. त्यांचं ऋण तुम्ही शिकून आणि शिकलेलं पुढच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचवून फेडता. आईवडिलांनी वाढवलं, त्याची फेड तुम्ही स्वतःचं मूल वाढवून करता; आईवडिलांच्या पदरात त्यातून नातवंडाचं तोंड पाहण्यापलीकडे काही पडत नाही. परक्या गावात ज्याने घास दिला तो बहुधा पुन्हा भेटत नाही. तुम्ही तुमच्या दारात आलेल्याला जेवू घालता. एकट्या देवऋणात द्यायचं ते देणाऱ्यालाच पोचतं, आणि तेही अग्नीच्या हाती सोपवून. म्हणजे धर्माने ज्याला ऋण म्हटलं त्याचा प्रवाह पुढे आहे, आणि बँकेच्या कर्जाचा मागे. ही दोन खाती एकमेकांत मिसळली की घरं मोडतात, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या घरापासून चालत गेलं की अंबरनाथचं शिवमंदिर आहे, वालधुनीच्या काठी. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे १०६० साल आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचं नाव आहे. काम त्याच्या भावाने, आधी राज्य केलेल्या छित्तराजाने, सुरू केलं असावं असं अभ्यासक मानतात. भावाने आरंभलेलं देऊळ पुरं करून मुम्मुणीने मेलेल्या भावाला काय परत केलं? काही नाही. ते मिळालं महाशिवरात्रीला रांगेत उभं राहून पायऱ्या उतरत गाभाऱ्यात जाणाऱ्या माणसांना, साडेनऊशे वर्षांनंतरही.

पण हा विचार मांडताना एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. तैत्तिरीय संहितेने नाव घेतलं ते ब्राह्मणाचं. शतपथ जो कोणी आहे तो ऋणी असं म्हणतं, आणि ते मला अधिक मोठ्या मनाचं वाटतं. पण व्यवहारात पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. शूद्राला आणि बाईला अध्ययनाची दारंच बंद केली, मग त्यांनी ऋषिऋण फेडायचं कशाने? शिकायला समुद्रापार जावं म्हटलं तर बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतन घडवणाऱ्या कर्मांत घातलेला. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या निषेधांची सगळी वंशावळ तपासली आहे. ज्यांना शास्त्राने ऋण फेडण्याचीच बंदी केली, त्यांच्यातल्या दोघांनी ते कसं फेडलं हे पाहिल्यावर मला या कल्पनेचा अर्थ कळला. शास्त्र लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांनी ती खरी केली.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, असा लेखी करार होता. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला गेले आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर जात कळताच माणसं काठ्या घेऊन चालून आली आणि सामान घेऊन बाहेर पडावं लागलं. डोक्यावर छप्पर नसताना नोकरी कुठली करणार? करार तिथेच राहिला. मी कर्ज विभागाच्या नजरेने या प्रसंगाकडे पुष्कळदा पाहिलं आहे. कर्जदार फेडायला स्वतः हजर झाला, आणि शहराने त्याला आसरा नाकारला. चौथं ऋण, माणसांचं, शहराने बुडवलं म्हणून पहिला करार बुडाला. पुढे सिडनम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज यांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पुरं करून आले.

मग त्यांनी फेड कुठे केली? १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज निघालं. सयाजीराव १९३९ मध्येच गेले होते. त्यांच्या हाती यातलं काही पडलं नाही. पडलं ते ज्यांच्या घराण्यात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं अशा मुलांच्या हाती. अंबरनाथ-उल्हासनगरच्या शाखांत माझ्याकडे आलेल्या कित्येक अर्जांवर वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्यात सिद्धार्थ कॉलेजचं नाव असायचं, आणि मुलाच्या रकान्यात परदेशातल्या विद्यापीठाचं. ऋषिऋणाची याहून स्वच्छ नोंद मी दुसऱ्या कुठल्या कागदावर पाहिलेली नाही.

दुसरी तर आमच्या शेजारचीच. अंबरनाथहून लोकलने कल्याण काही मिनिटांवर. तिथल्या जोशींच्या घरात यमुना वाढली, जन्म १८६५ सालचा; लग्नानंतर ती आनंदीबाई झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला भरसभेत उभी राहून तिने आपण अमेरिकेला का जातो ते सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असंही सांगितलं. अठरा पुरे व्हायचे होते. अमेरिकेत तिला उतरवून घेतलं ते न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी. त्यांनी एका मिशनरी मासिकात या जोडप्याबद्दल वाचलं होतं, तेवढ्या ओळखीवर पत्रं लिहिली आणि घर उघडं केलं. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचं काम ठरलं होतं. ते हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली, बावीसही पूर्ण नव्हती. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या.

बँकेच्या नियमाने हे बुडीत खातं. शिक्षण झालं, एक रुपयाची कमाई नाही, परतफेड शून्य. तरी तिच्या मागून स्टेथोस्कोप गळ्यात घालून बसलेल्या प्रत्येक मराठी बाईने तिचं खातं पुढे चालवलं, असं मी मानते. कार्पेंटरबाईंनीही परत काही मागितल्याचं कुठे दिसत नाही. त्यांनी फक्त जागा दिली, आधी घरात आणि मग दफनभूमीत.

चौथ्या ऋणाबद्दल मला उल्हासनगरने शिकवलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये सिंधी कुटुंबं उतरली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचं उल्हासनगर झालं. तिथल्या एका कापड दुकानदाराचा अर्ज मी परत केला होता. इमारतीचे कागद तारणात बसत नव्हते. मुलाला डब्लिनला मॅनेजमेंटसाठी जायचं होतं. काही महिन्यांनी ते दुसऱ्या कामासाठी शाखेत आले तेव्हा मुलगा पोचलासुद्धा होता. पैसे नातलगांकडून आणि बाजारातल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून उभे राहिले, बिनव्याजी, बिनकागदी. “परत कसे करणार?” मी विचारलं. त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील बराकीत आले तेव्हा हातात काही नव्हतं. एका अनोळखी माणसाने गाडीत फिरून विकायला बिस्किटांचा डबा उधार दिला. तो माणूस पुढे कुठे निघून गेला कळलंच नाही. पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच. तेव्हापासून त्यांच्या दुकानात कुणी नवा फेरीवाला आला की पहिला माल उधार. मुलालाही तेच सांगून पाठवलं होतं: कमवायला लागलास की पुढच्या एका पोराची फी भर, मला पैसे पाठवू नकोस.

बिनकागदी उसनवारीने तुटलेली सख्ख्या भावांची नातीही मी पाहिली आहेत, त्यामुळे बँकेऐवजी सगळ्यांनी असंच करावं असं मी सुचवत नाही. पण शतपथ ब्राह्मणातलं चौथं ऋण त्या दुकानदाराने वाचलेलं नसूनही बिनचूक पाळलं होतं.

माझी भाची बदलापूरची. उल्हासनगरच्या सीएचएम कॉलेजातून बीएमएस केलं आणि उत्तर इंग्लंडमध्ये एमएस्सी मॅनेजमेंटला गेली. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं; तेवढे ती एका कॅफेत करायची. एकदा फोनवर म्हणाली, “मावशी, आज पेबॅक पिरियड शिकवला. गुंतवलेले पैसे किती वर्षांत वसूल होतात ते काढायचं. मी बाबांचा फ्लॅट घालून काढलं.” उत्तर तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मॅनेजमेंटमध्ये हे शिकवतात ते योग्यच आहे. कर्ज काढताना प्रत्येक मुलाने हा हिशेब मांडलाच पाहिजे. मोरेटोरियम म्हणजे शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष. नोकरी लागो न लागो, त्यानंतर हप्ता सुरू होतो. व्हिसाचे नियम मधेच बदलतात. इंग्लंडने जानेवारी २०२४ पासून अशा मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला सोबत नेणं बंद केलं, तेव्हा आमच्याकडची दोन लग्नं पुढे ढकलली गेली. हिशेब न करता घर गहाण टाकणं हा आईबापांवरचा अन्याय आहे.

तिच्याच त्या वर्षातली दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही. पोचली त्या रात्री ठरवलेली खोली तयार नव्हती, घरमालक फोन उचलेना, बाहेर पाऊस. वर्गात जिच्याशी ओळखही झाली नव्हती अशा नायजेरियन मुलीने तिला आपल्या खोलीत नेलं, एकुलती जाड रजई दिली आणि स्वतः कोट पांघरून झोपली. सकाळी टोमॅटोच्या रश्श्यातला भात खाऊ घातला. पुढच्या सप्टेंबरात नवी मुलं यायला लागली तेव्हा भाची रात्री बस स्टँडवर जाऊन त्यांना उतरवून घ्यायची, गरम वरणभाताचा डबा घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं. त्यातली निम्मी मुलं महाराष्ट्राबाहेरची, काही भारताबाहेरची होती.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण सगळ्यात अवघड तोच आहे. फेड पुढेच करायची असेल, तर बदलापूरच्या चौथ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या आईचं काय? अंबरनाथच्या शाखेत एक गृहस्थ सोडवलेले कागद न्यायला आले होते. मुलाने मुदतीच्या आधीच सगळं कर्ज फेडलं होतं. त्यांनी करारनाम्याचं पान न् पान तपासलं, पोचपावतीवर सही केली आणि म्हणाले, “मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, आता आपला हिशेब क्लिअर.” मग ती फाइल बराच वेळ त्यांनी टेबलावरून उचलली नाही. त्या मुलाने वाईट हेतूने ते म्हटलं असेल असं मला वाटत नाही. त्याने बँकेचं खातं बंद केलं आणि त्याच वाक्यात दुसरंही बंद करून टाकलं. उलट बाजूही तितकीच पाहिली आहे: “घर गहाण टाकलं तुझ्यासाठी, आता परत ये” असं दर रविवारी फोनवर सांगणारे आईवडील. तेही वसुलीच करत असतात, फक्त रुपयांऐवजी मुलाच्या आयुष्याची.

बुद्धाच्या दोन उपदेशांनी मला इथे वाट दाखवली. दोन्ही अंगुत्तर निकायात आहेत. अनाथपिंडिकाला बुद्धांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात कुणाचं कर्ज अंगावर नसणं हे एक स्वतंत्र सुख मोजलं. पैशाचं कर्ज फिटण्याचा आनंद खरा आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. त्याच बुद्धांनी दुसरीकडे सांगितलं की आईला एका खांद्यावर आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षं सेवा केली तरी त्यांची फेड होत नाही. अश्रद्ध आईवडिलांना श्रद्धेत, कंजूषांना दानात स्थिर केलं तरच काही फेड झाली म्हणायची. म्हणजे एका खात्याची शेवटची तारीख असते आणि दुसऱ्याची नसतेच. जे हप्त्यांनी संपणारच नाही ते हप्त्यांनी मागू नये आणि हप्त्यांनी संपवल्याचं सांगूही नये.

मग पुंडलिक? शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलासमोर उभी राहिले की मला हाच प्रश्न पडायचा. आईवडिलांची सेवा अर्धवट टाकून पुंडलिक देवाला भेटायला उठला नाही. वीट फेकली आणि थांब म्हणाला. पण या कथेत पुंडलिक काही फेडत नव्हता. तिथे हिशेब असता तर साक्षात देव दारात आल्यावर तो उठला असता. एवढ्या मोठ्या पाहुण्यासाठी एका दिवसाचा हप्ता पुढे ढकलायला कोणाची हरकत असते? सेवा ऋणाच्या खात्यात बसतच नाही. ती गरजेच्या वेळी केली जाते, आणि ती मागायचीही गरज म्हणूनच. “माझं ऑपरेशन आहे, तू आलास तर मला धीर येईल” हे आईने सांगावं, खुशाल सांगावं, आणि मुलाने तिकीट काढावं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. तो कायदा हवाच; टाकून दिलेल्या माणसांना तोच आधार आहे. न्यायाधिकरण पैसे मिळवून देऊ शकतं, उशाशी बसणारं माणूस नाही.

आणि तुकोबा. सावकारीची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. माझे सासरे वारकरी होते, ते त्यातला एक तपशील नेहमी ठासून सांगायचे: तुकोबांनी सगळे कागद बुडवले नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा, त्याच्या वाट्याचे अर्धे त्याला दिले आणि आपले अर्धे बुडवले. दुसऱ्याच्या पैशावर उदार व्हायचा अधिकार त्यांनी घेतला नाही. मला या तपशिलाने त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मुलाच्या कर्जाचे दोन वाटे असतात. एक बँकेचा, तो कान्होबाचा वाटा, पै न् पै भरायचा, त्यात सूट मागायची नाही. दुसरा आईवडिलांचा, तो बुडवायचा अधिकार फक्त त्यांचा. मुलाला तो बुडवता येत नाही, फेडताही येत नाही. आईबाप तो आपल्या हाताने सोडून देऊ शकतात, आणि माझ्या मते सही करतानाच, मुलाच्या देखत सोडावा. “हप्ते बँकेचे भर. आमचं तुझ्याकडे येणं काही नाही. तुझ्याकडे कुणी शिकायला, राहायला, जेवायला आलं तर त्याला दे.” एवढं त्या टेबलाशी बोललं गेलं, तर मुलगा मोकळ्या मनाने जातो. आणि माझा अनुभव असा की मोकळ्या मनाने गेलेला मुलगा आईवडिलांकडे जास्त वेळा येतो.

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या रस्त्यावर माझ्या घरी रविवारी सकाळी मुलं कागद घेऊन येतात. कर्जाचं मी समजावते: मोरेटोरियममध्ये निदान व्याज भरत राहिलं तर पुढे किती फरक पडतो, जुन्या करप्रणालीत या व्याजावरची सवलत आठ वर्षं कशी मिळते, इंग्लंडच्या व्हिसासाठी खात्यात रक्कम सलग २८ दिवस का दिसावी लागते. पण तिथे खोली शोधताना फसवणूक कशी ओळखायची, कोणत्या कोर्सनंतर नोकरी खरोखर मिळते, पहिल्या महिन्यात रडू आलं तर कुणाला फोन करायचा, हे मला सांगता येत नाही. ते तिकडे राहून आलेल्यालाच माहीत असतं. आज ही मुलं त्यासाठी एजंटांना पैसे मोजतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधून जाऊन ज्यांचे हप्ते संपले आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार या मुलांना द्यावा. इथे असाल तर या, तिकडे असाल तर व्हिडिओ कॉलवर बसा. मुलं नऊ वाजल्यापासून आलेली असतात.